काच तापेपर्यंत

पहिली वीस मिनिटं काहीच दिसत नाही.
खोलीतल्या एसीतून काढलेली लेन्स
ऑगस्टच्या रात्रीत धरली
की दुधावरच्या सायीसारखी पांढरी होते.
पुसायची नसते. पुसली की पुन्हा धरते.
गल्लीइतकी गरम व्हावी लागते ती,
मगच तिला गल्ली दिसते.

तोवर मी कोल्ड स्टोअरच्या पायरीवर,
शंभर फिल्सचा वेलचीचा चहा.
मनामाच्या बाजारामागे,
जिथे सोन्याची दुकानं संपतात
आणि सोनं विकून आलेल्यांच्या खोल्या सुरू होतात.

दिवसभर मी अल्युमिनियमच्या कारखान्यात
तापमापकं तपासतो.
एक अंश इकडचा तिकडे झालेला चालत नाही.
इथे चालतो.
इथे सगळंच थोडं हललेलं येतं :
सायकलवरून गॅसची टाकी नेणारा पोरगा,
दोरीवर सहा निळ्या डांगऱ्या,
सहाही पाठींवर एकाच कंपनीचं नाव,
एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी
आणि बरोबर त्याच्याखाली, तेलाच्या डब्यात,
कुणीतरी लावलेलं ओव्याचं रोप.
एक दिवा पिवळा, एक हिरवट, मोबाइलवाल्याचा जांभळा.
पांढरं म्हणजे कोणतं, ते कॅमेरा मलाच विचारतो.

"कशाचं फोटू काढतोस रं?
हिकडं हाय काय?"

अब्बास हमदुले. बाणकोटचे.
एकतीस वर्षं याच मशीनवर अरबांचे झगे शिवले.
घरी भिंतीवर त्यांचे चार फोटो आहेत म्हणे,
चारही काचेच्या मनोऱ्यांसमोर,
एकात तर हात कुणाच्या तरी गाडीच्या बॉनेटवर.
ही गल्ली एकाही फोटोत नाही.
महिनाअखेरीस इमारत पाडणार,
भिंतीवर लाल फुली कधीच मारून गेलेत.

म्हटलं, आठ सेकंद हलू नका.
ते हूं म्हणाले
आणि झग्याची किनार दुमडत राहिले.

फोटोत कपाळ स्वच्छ, चष्मा स्वच्छ,
चष्म्याच्या दांडीला गुंडाळलेला पांढरा दोरासुद्धा.
मनगटाच्या पुढे नुसता धूर.
त्यांनी पडदा डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.
"हात कुठं गेलं?"
हलत होते ना, चाचा.
"मग बरोबर हाय."

मशीनवर टॉवेल टाकला. दिवा घालवला.
"आता एक असा काढ, मी नसलेला."

शटर ओढलं, कुलूप लावलं, दोनदा हिसकून पाहिलं.
मी तीस सेकंद लावले होते.
ते माझ्या समोरूनच गेले,
या भिंतीपासून त्या वळणापर्यंत, घाई न करता,
हातात खुबूसची पिशवी,
एका चपलेचा आवाज दुसरीपेक्षा जास्त.
लेन्ससमोर क्षणभर थांबलेही असावेत,
मी वर पाहिलं नाही, मोजत होतो.

चित्रात गल्ली आहे. कुलूप आहे.
डबक्यात जांभळा रंग आहे, फुली आहे.
चालत जाणारा माणूस कुठेच नाही.
पायरीवर एक मांजर मात्र
तीस सेकंद जराही न हलता बसलेली,
इतकी स्पष्ट की मिशा मोजाव्यात.

दोन वाजता खोलीवर आलो.
आत जाताना काच धुरकटत नाही.
दारात थांबून मी तेवढं पाहून घेतलं.

दोन्ही फोटो त्यांना पाठवले, दोन निळ्या खुणा,
उत्तर नाही.

शुक्रवारी जेवणाच्या वेळेला
भारतातल्या एका अनोळखी नंबरवरून
बाईचा आवाज, नऊ सेकंदांचा,
मागे कुठेतरी भांडी :
"भावा, ती पायरीवरची मांजर कुनाची?
आता तिला खायला कोन घालल?"